उजवीचा फोटो

छबीचं कागदोपत्री नाव वेगळं होतं, पण वडील फोटोग्राफर. पहिली मुलगी झाली आणि त्यांनी हौसेने तिला छबी म्हणायला सुरुवात केली, ते नाव कायमचं चिकटलं. वडील गेल्यावर स्टुडिओ दादाकडे आला. दादा लग्नाच्या ऑर्डरी घ्यायचा, वहिनी आतल्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसून लोकांच्या तोंडावरचे मुरूम पुसायची आणि अल्बम लावायची. पासपोर्ट फोटो छबीकडे. हनुवटी जरा वर, हसू नका, झालं. दिवसभर हेच. लोकही असे नमुनेदार, की हसू नका म्हटलं की त्यांना हमखास हसू फुटायचं.

म्हणून सकाळी, दुकान उघडण्याआधी, ती स्वतःसाठी फोटो काढायला बाहेर पडायची. कागदाच्या गोदामांच्या मागे एक उड्डाणपूल होता. त्याच्या खांबांच्या मधल्या जागेत काही कुटुंबं राहायची. जमिनीवर पुठ्ठे, वर ताडपत्री, विटांची चूल, दोन खांबांना बांधलेली दोरी आणि दोरीवर ओले कपडे. छबी पहिल्यांदा कॅमेरा घेऊन गेली तेव्हा सगळ्यांनी तोंडं फिरवली. एका म्हाताऱ्याने तिला सरळ विचारलं, "काय बाई, आम्हाला बघायला तिकीट लावलंय का?" छबी इतकी खजील झाली, की पुढे बरेच दिवस ती कॅमेरा पिशवीतच ठेवून नुसती जाऊन बसायची. हळूहळू तिची 'फोटोताई' झाली. काढलेले फोटो ती छापून आणून द्यायची. लोक ते प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून उशाखाली ठेवायचे.

उजवी तिला तिथेच भेटली. हे काही बाईचं नाव नव्हे, पण पुलाखालचे सगळे तिला उजवी म्हणायचे, कारण तिच्या डाव्या कानाने काही ऐकू यायचं नाही. तिच्याशी बोलायचं तर उजव्या बाजूला जाऊन बसावं लागे. कान जन्मापासून तसा आहे का, असं छबीने एकदा विचारलं होतं. उजवी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "जन्मापासून कशाला? चांगला होता. एक दिवस फुटला." छबीने पुढे खोदून विचारलं नाही.

उजवीला सहा-सात वर्षांची मुलगी होती. तिला सगळे ठकी म्हणायचे. ठकीला फोटोचं भारी वेड. कॅमेरा दिसला की ती केस थुंकी लावून बसवायची आणि कमरेवर हात ठेवून उभी राहायची. उजवी मात्र कॅमेरा निघाला की पाठ फिरवायची.

"ठकीचा काढ, हवे तेवढे काढ," ती म्हणायची. "माझा चेहरा नको."

"नाही काढत," छबी म्हणायची, आणि काढतही नव्हती.

त्या सकाळी ऊन पुलाखाली तिरपं आलं होतं. उजवी पाठमोरी बसून केस विंचरत होती आणि ठकी तिच्यासमोर आरशाचा तुकडा दोन्ही हातांनी धरून उभी होती, एखाद्या मोठ्या अधिकाऱ्यासमोर उभं राहावं तशी ताठ. छबीने पटकन फोटो काढला. आईची पाठ आणि लेकीचा चेहरा, एवढंच तिला दिसलं होतं. दुकानात येऊन तो मोठा करून पाहिला तेव्हा लक्षात आलं, की आरशाच्या तुकड्यात उजवीचा चेहरा आलाय. चिमुकला, पण स्वच्छ. एक डोळा, नाक, ओठांचा कोपरा आणि डाव्या भुवईतली चीर.

छबी बराच वेळ त्या फोटोसमोर बसली. पुसून टाकावा असं एकदा तिच्या मनात आलं. पण इतका चांगला फोटो तिला आजवर कधी मिळाला नव्हता. नखाएवढा तर चेहरा आहे, ओळखणार कोण, असं तिने स्वतःला समजावलं, आणि रस्त्यावरच्या जगण्याचे फोटो मागवणाऱ्या एका मोठ्या प्रदर्शनासाठी तो पाठवून दिला.

प्रदर्शनवाल्यांना तो एवढा आवडला की त्यांनी त्याचंच पोस्टर केलं. एका सोमवारी छबी दुकानात जायला निघाली आणि बसथांब्यावर तिला ठकी दिसली, माणसाएवढी. हातातला आरसा आता थाळीएवढा झाला होता आणि त्यातून उजवी येणाऱ्याजाणाऱ्यांकडे बघत होती. खाली कोपऱ्यात छबीचं नाव आणि स्टुडिओचं नाव. पुढच्या चौकात तेच पोस्टर. पुढच्या थांब्यावरही तेच. वहिनीने शेजारपाजारच्या सगळ्यांना फोन करून सांगितलं. दादाने दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवलं, "आमची छबी हो!" छबी हसत होती. पुलाखाली जाऊन उजवीला सांगायला हवं होतं. आज जाऊ, उद्या जाऊ, असं करत ती गेलीच नाही.

गुरुवारी दुपारी तो माणूस दुकानात आला.

चाळिशीचा असेल. इस्त्रीचा शर्ट, पाण्याने नीट बसवलेले केस. दारातल्या पायपुसण्यावर त्याने बूट नीट पुसले आणि मगच आत पाऊल टाकलं.

"तो आरशाचा फोटो आपणच काढलाय ना?"

"हो," छबी म्हणाली.

तो काउंटरवर दोन्ही हात टेकून उभा राहिला आणि एकदम त्याचा चेहरा वाकडा झाला. तो रडायला लागला. दादाने धावत जाऊन खुर्ची आणली, पाणी दिलं.

"माझी बायको आहे ती," तो म्हणाला. "आणि ती मुलगी माझी. तिच्या डोक्यावर परिणाम झालाय हो. दीड वर्षापूर्वी लेकीला घेऊन घरातून निघून गेली. मी दवाखाने पालथे घातले, शवागारं बघितली. काल बसमधून जाताना खिडकीतून बघतो तर माझी पोरगी!" त्याने खिशातून फोटो काढला. त्यात तो होता, शेजारी उजवी, आणि तिच्या मांडीवर टोपरं घातलेलं बाळ. उजवी भरलेल्या अंगाची होती आणि कॅमेऱ्याकडे न बघता त्याच्याकडे बघत होती, कुणी पुढचं काय सांगतंय याची वाट बघावी तशी.

दादाचे डोळे भरून आले. दादा मुळातच मऊ. लग्नात मुलगी सासरी निघाली की तिच्या आईच्या आधी हाच रडायचा, त्यात फोटो हलायचे.

"अहो, मग देवच पावला म्हणायचा," दादा म्हणाला. "ही रोज जाते तिथे. ते आपल्या कागदाच्या..."

"दादा!" छबीचा आवाज तिच्याही नकळत चढला. "तू आधी चहा सांग ना."

दादा गोंधळून तिच्याकडे बघत बाहेर गेला. माणसाने छबीकडे पाहिलं. डोळे अजून ओले होते, पण रडणं थांबलं होतं. नळ बंद करावा तसं.

"कुठे असते ती?" त्याने हळूच विचारलं.

"मी खूप ठिकाणी फोटो काढते. बघावं लागेल."

"बघा ना. मला घाई नाही." त्याने काउंटरवरचं पोस्टरचं पत्रक उचललं आणि आरशातल्या चेहऱ्यावर अंगठा ठेवला. अंगठ्याखाली चेहरा पूर्ण झाकला गेला. "फार घाबरट आहे हो ती. तिला डाव्या कानाने ऐकू येत नाही. समोरून गेलं तर ओरडते, पळते. डावीकडून गेलं की तिला कळतच नाही."

हे सांगताना तो जरासा हसला. एखाद्या लाडक्या माणसाची खोड सांगताना हसावं तसा.

एक दिवस फुटला, असं उजवी म्हणाली होती. छबीने काउंटरची कड घट्ट धरली.

"जुन्या रेल्वे यार्डापाशी," ती म्हणाली. "शहराच्या पार त्या टोकाला. मालडब्यांच्या शेडमागे."

"जुनं रेल्वे यार्ड," त्याने सावकाश म्हटलं. "फार उपकार झाले ताई." फोटो खिशात ठेवला, खुर्ची उचलून होती तिथे ठेवली आणि चहा यायच्या आत निघून गेला.

दादा तीन कप घेऊन परत आला तेव्हा छबी पिशवीत मोबाईल, पाण्याची बाटली, जे हाताला लागेल ते कोंबत होती.

"खोटं सांगितलंस तू त्याला," दादा म्हणाला. "तो मला वाटेत म्हणाला, यार्डाकडे निघालोय. छबे, अगं, पोरीचा बाप आहे तो!"

"त्याने मारून मारून तिचा कान फोडलाय, दादा."

"तिने सांगितलं तुला तसं?"

"त्याने सांगितलं," छबी म्हणाली. "आत्ता."

दादाला काही उमगलं नाही. पण आतल्या खोलीच्या दारात वहिनी उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. तिचा चेहरा उतरला होता. "तू जा," ती छबीला म्हणाली. "त्यांना तिथून हलव. मी ह्यांना समजावते."

बसमध्ये छबीला बसायला जागा मिळाली, पण ती उभीच राहिली. रस्त्यात चार ठिकाणी पोस्टर दिसलं. प्रत्येक वेळी तिला वाटलं, खाली उतरावं आणि नखांनी ओरबाडून काढावं. तिने प्रदर्शनवाल्यांना फोन लावला. पलीकडचा माणूस गोड आवाजात म्हणाला, "काढायचं? अहो मॅडम, लोक थांबून थांबून बघतायत!" तिने फोन बंद केला.

पुलाखाली दुपारची सामसूम होती. बरेचजण कामाला गेलेले. उजवी खांबाला टेकून ठकीच्या झग्याला टाके घालत होती. ठकी शेजारीच खेळत होती. छबी तिच्या उजव्या बाजूला जाऊन बसली आणि तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. आरसा, पोस्टर, तो माणूस.

उजवी ओरडली नाही, रडली नाही. तिने दाताने दोरा तोडला, सुई पदरात खोचली आणि उठून भराभर सामान गोळा करायला लागली. एक पातेलं, एक चादर, ठकीचे कपडे. हात सराईतपणे चालत होते. अशी निघायची तिची ही काही पहिली वेळ नव्हती.

"मी त्याला दुसरीकडचा पत्ता दिलाय," छबी म्हणाली. "तो यार्डाकडे गेलाय. आपल्याकडे वेळ आहे."

उजवीचे हात थांबले. तिने छबीकडे पाहिलं.

"त्याने मानला?" तिने विचारलं. "लगेच मानला? काही उलटं विचारलं नाही?"

"नाही."

उजवीने सावकाश वळून पुलाबाहेरच्या उन्हाकडे बघितलं. छबीनेही बघितलं. रस्त्यापलीकडे, बसथांब्याच्या बाकावर तो बसला होता. मांडीवर मांडी टाकून. पुडीतले शेंगदाणे एकेक करून तोंडात टाकत होता. त्याला कसलीच घाई नव्हती.

छबीच्या लक्षात आलं. तीच त्याला इथवर घेऊन आली होती. बसमध्ये तो तिच्या मागेच कुठेतरी बसला असणार, शांतपणे, तिची धडपड बघत.

"पळायचं नाही," उजवी खालच्या आवाजात म्हणाली. "पळालं की तो पळतो. लोकांत जायचं. बायकांत." तिने ठकीचा हात धरला. ठकीने एकदाच रस्त्याकडे पाहिलं होतं. कुणी गप्प राहायला सांगितलं नव्हतं, तरी तिचा आवाज बंद झाला होता.

गोदामांच्या रांगेच्या टोकाला बायकांचं सार्वजनिक स्वच्छतागृह होतं. तिथे दारात स्टुलावर एक मावशी बसायची. बुटकी, जाड चष्म्याची, हातात कायम फरशी पुसायचा दांडा. तिघी आत शिरल्या आणि उजवी म्हणाली, "मावशी, दार लाव. तो आलाय." मावशीने काही विचारलं नाही. पुलाखालच्या बायकांची अर्धी दुःखं ती नळावर ऐकत आलेली. तिने दार लोटलं आणि आतून कडी घातली.

आत फिनेलचा वास भरला होता. एक नळ ठिबकत होता. दाराच्या आतल्या बाजूला बायकांच्या मदतीचा नंबर चिकटवलेला होता, कडा फाटलेल्या, पण आकडे वाचता येत होते. छबीने तो लावला. पलीकडच्या बाईने कोरड्या आवाजात ठिकाण विचारलं, मूल आहे का विचारलं, आणि गाडी निघतेय, दार उघडू नका, म्हणून सांगितलं. मग छबीने वहिनीला फोन केला. कुठे आहोत ते सांगितलं.

उजवी मागच्या भिंतीला टेकून खाली बसली होती, ठकीला मांडीत घट्ट धरून.

"तुला चेहरा नको म्हटलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"मग?"

छबीला खोटं सुचेना. "फोटो चांगला आला होता," ती म्हणाली.

उजवीने मान हलवली, जणू हे असंच काहीतरी असणार हे तिला ठाऊकच होतं.

बाहेर पावलं वाजली. दारावर दोनदा हलकी टकटक झाली.

"ताई," त्याचा आवाज आला, दुकानात होता तसाच गोड. "काळजी करू नका. तिला फक्त घरी न्यायचंय."

"बायकांचं आहे हे!" मावशी आतून खेकसली. "शिकलेले दिसता. पाटी वाचता येत नाही?"

तो गेला. पावलं लांब गेली आणि सगळं शांत झालं. ती शांतता छबीला जास्त भिववत होती. नळाचं टपटप चाललं होतं. उजवी डोळे मिटून बसली होती. तिच्या डोक्याच्या वर, जरा डाव्या बाजूला, हवेसाठी सिमेंटच्या जाळीची एक बारकी खिडकी होती. तिथला उजेड अचानक कमी झाला.

"राणी," जाळीतून कुजबुज आली. "राणी बेटा, बाबा आलाय. आईला सांगू नकोस हं. हळूच कडी काढ."

छबीला तो आवाज ऐकू येत होता. मावशीला येत होता. ठकीला येत होता. तिचे डोळे विस्फारले होते. फक्त उजवीला येत नव्हता. ती तशीच डोळे मिटून बसली होती आणि तिच्या डाव्या कानापासून वीतभर अंतरावर जाळीतून त्याची दोन बोटं आत आली होती. नीट कापलेली नखं. ती बोटं हळूहळू हलत होती, हवेत तिचे केस चाचपत असल्यासारखी.

छबीच्या तोंडून आवाज फुटला, ती किंकाळीच होती. उजवी दचकून बाजूला झाली. मावशीने दांडा उगारून जाळीवर हाणला. बोटं गेली. बाहेर शिवी ऐकू आली, आणि मग तोच आवाज मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असा: "अहो भाऊ, जरा इकडे या! माझी बायको वेडी आहे हो, लेकरू घेऊन आत बसलीय! पोरीला काहीतरी करून बसेल!"

गोदामांतले हमाल जमले. कुणी दार वाजवायला लागलं. "ओ बाई, नवरा आहे तो तिचा, उघडा दार!" "पोराचा तरी विचार करा!" सगळे चांगल्या मनाने बोलत होते, आणि दार प्रत्येक धक्क्याला आत येत होतं. कडीचे स्क्रू जुने होते. छबीने आणि मावशीने दाराला पाठी लावल्या. उजवीही उठली आणि दोघींच्या मध्ये तिने खांदा लावला.

मग बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. वाजतच राहिला. छबीने तो ओळखला. लग्नाच्या सामानाची त्यांची व्हॅन.

"बाजूला व्हा!" दादाचा आवाज. दादा आयुष्यात कधी कुणावर ओरडला नव्हता, त्यामुळे त्याला नीट ओरडताही येईना, आवाज चिरकला. "बाजूला व्हा सगळे! आत माझी बहीण आहे!" तो गर्दीतून रेटत आला आणि दाराला पाठ लावून उभा राहिला. छबीला फळीपलीकडून त्याचा धापा टाकणारा श्वास ऐकू येत होता.

"दादा, तुम्ही तरी समजून घ्या," तो माणूस म्हणाला. "तुम्ही माझं दुःख बघितलंत."

"बघितलं," दादा म्हणाला. "पण दार नाही उघडणार."

त्या माणसाने दादाच्या कानाखाली एक ठेवून दिली. छबीला फक्त आवाज ऐकू आला, चपराकीचा. आणि त्या एका आवाजाने बाहेरची गर्दी गप्प झाली. एवढ्या गोड बोलणाऱ्या माणसाचा हात इतक्या सहज उठलेला त्यांनी पाहिला होता. कुणीतरी म्हणालं, "ओ साहेब, मारायचं काम नाही हां." दार पुन्हा कुणी वाजवलं नाही.

मदतीची गाडी आली तेव्हा ऊन कललं होतं. एक अधिकारी बाई आणि एक पोलीस. माणूस लगेच सरळ झाला, "मॅडम, नमस्कार," म्हणाला, खिशातून तो जुना फोटो काढला आणि सगळं पुन्हा सांगितलं, रडण्यासकट. अधिकारी बाईने ऐकून घेतलं. दार उघडल्यावर ती आत येऊन उजवीच्या समोर उकिडवी बसली.

"मला ह्याच्याबरोबर पाठवलंत तर मी जगणार नाही," उजवी म्हणाली. "ही पण नाही."

"डोक्यावर परिणाम आहे," तो दारातून म्हणाला. "बघा ना कशी बोलते. मुलीला विचारा तुम्ही. राणी, बाबाकडे यायचं ना?"

अधिकारी बाईने ठकीकडे बघितलं. ठकी आईचा पदर धरून उभी होती. ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. तिच्या पायांखाली फरशीवर पाणी पसरत गेलं, आणि ते नळाचं नव्हतं. तिला ते कळलंही नसावं. ती फक्त त्याच्याकडे बघत होती.

अधिकारी बाई उठली. तिने पोलिसाला खूण केली. "ह्यांना बाहेर घ्या," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता.

उजवी गाडीत बसण्याआधी छबी तिच्या उजव्या बाजूला गेली. तिला माफी मागायची होती. उजवीनेच विचारलं, "ती पोस्टरं?"

"काढते. आजच."

"सगळी काढ," उजवी म्हणाली आणि आत बसली. ठकीने खिडकीतून हात हलवला नाही.

अधिकारी बाई छबीचा जबाब घ्यायला मागे थांबली होती. जाताना म्हणाली, "त्यांना आमच्या आसऱ्याच्या घरी ठेवू. तुम्हाला भेटायला यायचं असेल तर पत्ता देते."

छबीने तोंड उघडलं. तिला जायचं होतं. ठकीला बघायचं होतं, काहीतरी द्यायचं होतं. पण तिला बसमधला तो न दिसलेला माणूस आठवला, तिच्या मागे शांत बसलेला.

"नको," ती म्हणाली. "मला सांगू नका. कधीच सांगू नका."

त्या संध्याकाळी ती, दादा आणि वहिनी व्हॅन घेऊन फिरले. दादाचा गाल सुजला होता. वहिनी ओल्या फडक्याने पोस्टर भिजवायची, छबी पट्टीने खरवडायची. लोक विचारायचे, काय झालं? वहिनी म्हणायची, "छपाई चुकलीय." प्रदर्शनवाल्यांनी दुसऱ्या दिवशी फोनवर आरडाओरडा केला. छबीने ऐकून घेतलं आणि तो फोटो भिंतीवरून उतरवायला लावला.

पोलिसांनी त्या माणसाला एक रात्र बसवून ठेवलं आणि सोडून दिलं. हे अधिकारी बाईनेच कळवलं. त्यानंतर छबी दुकानात दाराकडे तोंड करून बसायला लागली.

तो आला तेव्हा दादा ऑर्डरीला गेला होता. भर दुपार. त्याने पायपुसण्यावर बूट नीट पुसले. गिऱ्हाइकांच्या बाकावर बसला आणि हात मांडीवर ठेवले.

"कुठे ठेवलंय तिला?"

"मला माहीत नाही."

तो छबीकडे बघत राहिला. तिच्या डोळ्यांत, ओठांवर, मग गळ्यापाशी, जिथे शीर उडत होती तिथे. छबीला वाटलं, हा असाच बघत असणार घरी, खरं काय नि खोटं काय ते माणसाच्या कातडीवरून वाचत. तिने नजर हलू दिली नाही. भीतीने तिच्या कानात गुणगुण सुरू झाली होती. पण लपवायला तिच्याकडे काहीच नव्हतं. शोधूनही त्याला तिथे काही सापडलं नसतं.

"खरंच माहीत नाही तुम्हाला," तो शेवटी म्हणाला. त्याच्या आवाजात पहिल्यांदाच चीड होती.

"नाही."

तो उठला. दारात थांबून त्याने दुकानाकडे एकदा नीट पाहिलं, भिंतीवरचे नवरा-नवरीचे फोटो, आतल्या खोलीचं दार. मग निघून गेला. छबी त्याची पाठ वळणाआड जाईपर्यंत बघत राहिली आणि मग जमिनीवरच बसली.

वहिनी आतून धावत आली. तिने शटर अर्धं ओढलं आणि छबीच्या शेजारी फरशीवर बसून तिचा हात हातात घेतला.

"खरंच माहीत नाही ना तुला?" तिने कुजबुजत विचारलं.

"खरंच नाही, वहिनी."

"बरं झालं बाई," वहिनी म्हणाली आणि तिला रडू आलं.

दोघी तशाच बसून होत्या तेवढ्यात शटरवर कुणीतरी टकटक केली. वहिनी उठली, वाकून आधी पाय कुणाचे आहेत ते बघितलं, मग चेहरा, आणि मगच शटर वर केलं. कॉलेजातली एक मुलगी होती. परीक्षेच्या अर्जासाठी फोटो हवा होता. छबीने डोळे पुसले, उठून दिवे लावले आणि तिला आत बसवलं.